तारागोल विकत आणू नका, घरी करा

फेब्रुवारीच्या मध्याला, रात्री पावणेनऊच्या सुमारास भिलाईच्या हुडको वसाहतीतून दक्षिणेकडे पाहिलं, तर अगस्तीचा तारा क्षितिजापासून जेमतेम 16 अंश वर असतो. मुंबईत तो 18 अंशांपर्यंत चढतो, दिल्लीत 9 अंशही गाठत नाही. मोबाइलमधलं अ‍ॅप ताऱ्याचं नाव लगेच सांगतं. उंचीचा हा फरक कशामुळे पडतो ते मात्र हातात तारागोल धरून फिरवल्यावरच उमगतं. आणि तो गोल मुलांनी स्वतः केलेला असावा.

साहित्य साधंच लागतं: 20 सेंटिमीटर व्यासाचा पोकळ प्लास्टिकचा चेंडू, पातळ कागद, खळ आणि आसासाठी विणकामाची लांब सुई. चेंडूचा घेर 62.8 सेंटिमीटर, म्हणून कागदाच्या बारा पट्ट्या कापायच्या. प्रत्येक पट्टी मध्यावर 5.2 सेंटिमीटर रुंद, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत 31.4 सेंटिमीटर लांब. रुंदी मध्यापासून 30 अंशांवर 4.5, 60 अंशांवर 2.6 आणि टोकाला शून्य. एक पट्टी म्हणजे विषुवांशाचे, म्हणजे आकाशातल्या पूर्व-पश्चिम मापाचे, दोन तास. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत योहान शोनरने अशाच छापील पट्ट्या डकवून गोल तयार केले होते. पुढच्या शतकात लाहोरच्या कारागिरांनी पितळेचे बिनजोड तारागोल ओतले, तेही थक्क करणारं काम आहे.

तारे काढताना घोटाळा होतो तो इथे. आकाश आपण आतून पाहतो, गोल बाहेरून. दक्षिणेकडे तोंड केलं की व्याध मृगाच्या डावीकडे खाली दिसतो. गोलावर तो उजवीकडेच हवा. ताऱ्यांचा नकाशा जसाच्या तसा उतरवला तर सगळं आकाश उलटं होतं.

शेवटी पुठ्ठ्याच्या कड्याचं क्षितिज करून त्यात गोल बसवायचा. भिलाईचा अक्षांश सुमारे 21 अंश, म्हणून आसाचं उत्तर टोक कड्यापासून तेवढंच वर हवं; ध्रुवतारा तिथेच दिसतो. आता गोल फिरवला की अगस्ती कड्याजवळून का सरकतो ते दिसतं.

शहराच्या आणि पोलाद कारखान्याच्या उजेडात मंद तारे हरवतात, त्यामुळे रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती असे ठळक तारे आधी काढावेत. दिवाळीत आकाशकंदिलासाठी मराठी घरांत कागद आणि खळ निघतेच. भिलाईतल्या मराठी पालकांनी या दिवाळीच्या सुट्टीत मुलांसोबत कंदिलाबरोबर तारागोलही करायला घ्यावा.