टक्कल, टँकर आणि सुई

चाकणच्या कारखान्यात केस गळू लागले की हेल्मेटवर खापर फुटते, मोशी-वाकडच्या सोसायट्यांत टँकरच्या जड पाण्यावर. जड पाण्याने केस राठ होतील, पण पुरुषी टक्कल येते ते आनुवंशिकता आणि संप्रेरकांमुळे. या संभ्रमावरच ‘पीआरपी’ (प्लेटलेट-समृद्ध प्लाझ्मा) उपचाराचे फलक जगतात.

उपचार थोतांड नाही. रुग्णाचेच रक्त काढून यंत्रात फिरवतात, प्लेटलेट्सचा दाट अंश वेगळा करतात आणि तो टाळूत टोचतात. साधारण महिन्याच्या अंतराने तीनेक वेळा, पुढेही अधूनमधून. विरळ होत चाललेल्या केसांना काहींमध्ये उभारी मिळते. पण रक्त किती फिरवायचे, प्लेटलेट्स किती दाट हव्यात, याचे एकच प्रमाण अजून ठरलेले नाही, त्यामुळे निकालही डगमगतात. जिथे केसांची मुळेच उरली नाहीत तिथे काहीच उगवत नाही, हे मात्र फलकावर नसते. डेंगीनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती तर बहुधा आपोआप थांबते. तिच्यासाठी पगार कशाला मोडायचा?

खरी काळजी सुईची. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत एका स्पामध्ये अशाच रक्तघटकांचे ‘फेशियल’ घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे 2024 मध्ये तेथील सरकारी आरोग्य यंत्रणेनेच नोंदवले. सलूनला लागून थाटलेल्या ‘हेअर क्लिनिक’ची महापालिकेने तपासणी करावी. आणि वाचकांनी उपचाराचे हप्ते ठरवण्याआधी डॉक्टरांचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा.