पहिल्या इनिंगचं गणित
बेसबॉलमध्ये पहिल्याच इनिंगमध्ये धाव होईल की नाही, याचा अंदाज बांधताना बहुतेक जण दोन्ही पिचरची मोसमातली सरासरी बघतात आणि तिथेच थांबतात. मला ते अपुरं वाटतं. प्रशिक्षकाने विचारपूर्वक लावलेला फलंदाजीचा क्रम ठरल्याप्रमाणे वरपासून सुरू होईल, याची खात्री फक्त पहिल्या इनिंगमध्ये असते. म्हणूनच अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये सरासरीने सर्वाधिक धावा याच इनिंगमध्ये निघतात आणि दुसरीत आकडा एकदम घसरतो. तेव्हा बहुधा खालचे फलंदाज खेळत असतात. बघायचं ते हे, की पिचर त्या पहिल्या तीन-चार जणांपुढे कसा टिकतो. टँपा बे रेज संघाने मे २०१८ मध्ये नेमकं हेच ओळखलं. एरवी सामन्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या सर्जिओ रोमोला त्यांनी एंजल्सविरुद्ध पहिला चेंडू टाकायला उभं केलं. समोरचे पहिले तिघे उजव्या हाताने खेळणारे, त्यात माइक ट्राउट! रोमोने तिघांनाही स्ट्राइकआउट केलं, मग त्याच्या जागी डावखुरा पिचर रायन यारब्रो आला. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला पुन्हा रोमोच. मैदानही विसरू नये: डेन्व्हरचं कूर्स फील्ड सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल कमी वळतो. तरीही एक वॉक, पाठोपाठ एक होमरन, की सगळा हिशेब कोसळतो. एकाच सामन्याबद्दल छातीठोक सांगणाऱ्यावर म्हणूनच माझा विश्वास नाही.