गोड्या पाण्याचा समुद्र आणि घरातील सर्व माणसे

दिवाळीचे वहीपूजन आटोपले की व्यापारी घरांत पुढील वर्षाचे दोन हिशेब मांडले जातात. एक दुकानाचा आणि दुसरा उन्हाळी सुट्टीचा. पुण्याच्या मार्केट यार्डातील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी यंदा दुसरा हिशेब बराच लांबला. थोरली मुलगी टोरंटोला नोकरीस आहे. तिला भेटावयाचे, आणि त्याच फेरीत उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांतून जहाजाने प्रवास करावयाचा, असा बेत निघाला. घरात अकरा आणि सोळा वर्षांचे दोन मुलगे, आणि बहात्तर वर्षांच्या आजी. आजींचा चौविहार गेली वीस वर्षे अखंड चालू आहे आणि कंदमुळांचा त्याग त्याहूनही जुना. बेत ऐकून त्या मुलाला एवढेच म्हणाल्या, "माझ्यापायी पोरांची सहल अडवू नकोस. मी घरीच बरी."

येथेच खरा प्रश्न उभा राहिला. घरातील वडीलधारे माणूस मागे ठेवून केलेली सहल कितीही थाटाची झाली, तरी ती कुटुंबाची सहल म्हणावयाची का? आजींना नेता येईल की नाही, याचा निर्णय भावनेवर न सोडता माहितीवर करावयाचा, असे त्या गृहस्थांनी ठरविले. त्यांनी जमविलेली माहिती अशा प्रवासाचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराला उपयोगी पडेल.

सुपीरिअर, मिशिगन, ह्युरॉन, इरी आणि ऑन्टॅरिओ ही ती पाच सरोवरे. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तीनचतुर्थांशाहून अधिक. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत साठलेला आहे. एकटे सुपीरिअर सुमारे ८२,००० चौरस किलोमीटरचे असून त्याची कमाल खोली ४०६ मीटर आहे. मिशिगन पूर्णपणे अमेरिकेत आहे. उरलेली चार अमेरिका आणि कॅनडा यांच्यात वाटली गेली आहेत. काठावर उभे राहिले असता पैलतीर दिसत नाही, लाटाही समुद्रासारख्याच येतात. पाणी मात्र खारट नाही.

ही पाच सरोवरे एका पातळीवर नाहीत. इरी आणि ऑन्टॅरिओ यांच्यात सुमारे शंभर मीटरचा उतार असून नायगाराचा धबधबा त्याच उतारावर कोसळतो. जहाज धबधब्यावरून जाऊ शकत नाही. म्हणून कॅनडाने बाजूने वेलंड कालवा खोदला. त्याचे आजचे रूप १९३२ मध्ये पूर्ण झाले. त्यात आठ जलपाश आहेत. जहाज एका बंदिस्त हौदात शिरते, दरवाजे मिटतात, पाणी भरते किंवा सोडले जाते, आणि हजारो टनांचे जहाज पायरी चढावी अगर उतरावी तसे वरखाली होते. हे सर्व केवळ पाण्याच्या उताराच्या बळावर घडते. मुलांना पदार्थविज्ञानाचा याहून चांगला धडा क्वचितच मिळेल. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि अटलांटिक महासागरातील मोठी जहाजे थेट या सरोवरांत येऊ लागली.

या जलपाशांमुळेच येथील प्रवासी जहाजे लहान असतात. सुमारे २४ मीटरहून अधिक रुंदीचे जहाज त्यांतून जाऊच शकत नाही. समुद्रावरील तीन-चार हजार उतारूंच्या जहाजांशी तुलना करता येथे दोनशे ते चारशे उतारू असतात. याचे परिणाम दोन. एक, खोल्या थोड्या असल्याने भाडे अधिक आणि आरक्षण लवकर संपते. दुसरा, स्वयंपाकघर लहान असल्याने आचाऱ्याशी बोलणे शक्य होते. पण ते आधी केले तरच.

पहिला अडथळा अनपेक्षित निघाला. व्हायकिंग या कंपनीची 'ऑक्टँटिस' आणि 'पोलॅरिस' ही जहाजे या सरोवरांतील सर्वांत परिचित. परंतु त्या कंपनीचा नियम असा की अठरा वर्षांखालील उतारूंना प्रवेश नाही. म्हणजे आजींची चिंता करीत असता दोन्ही मुलगेच बाहेर राहिले असते. जाहिरातीतील चित्रांवर भुलून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी वयाची अट वाचणे किती आवश्यक आहे, हे त्या घराला वेळीच उमगले. त्यांनी मुलांना घेणारे, दोनशेच्या आसपास उतारूंचे दुसरे जहाज निवडले. मार्ग शिकागो ते टोरंटो.

दुसरा प्रश्न काळाचा. हिवाळ्यात सरोवरांत बर्फ असते आणि सुपीरिअर व ह्युरॉन यांना जोडणारे सू येथील जलपाश जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत बंद राहतात. नोव्हेंबरातील वादळे प्रसिद्धच आहेत. १० नोव्हेंबर १९७५ रोजी 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे खनिजवाहू जहाज सुपीरिअरमध्ये बुडाले आणि त्यावरील सर्व २९ माणसे गेली. म्हणून प्रवासी जहाजांचा हंगाम मुख्यतः मे ते सप्टेंबर. त्यातही जुलैत चातुर्मास सुरू होतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पर्युषण येते. ते दिवस या घराने प्रारंभीच वगळले. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि बाजारातील रब्बीची आवक मेअखेर ओसरलेली असते. उरला तो मेचा शेवटचा आणि जूनचा पहिला आठवडा. या दिवसांत पाणी अतिशय थंड असते आणि धुकेही पडते. तेव्हा पुण्यात घामाच्या धारा लागल्या असल्या तरी पेटीत लोकरीचे कपडे हवेतच.

आजींच्या नियमाचे उत्तर मात्र निसर्गानेच दिले. मेच्या अखेरीस शिकागोत सूर्यास्त रात्री सव्वाआठच्या सुमारास होतो, टोरंटोत पावणेनऊनंतर, आणि मॅकिनॅक बेटाजवळ तर नऊही वाजून जातात. जहाजावरील सायंभोजन साधारणतः सहा-सात वाजता सुरू होते. म्हणजे चौविहार करणाऱ्याला पुण्यातल्यापेक्षाही निवांत वेळ मिळतो. काळजी एकच घ्यावयाची. वाटेत घड्याळाचा विभाग एका तासाने बदलतो. म्हणून भारतातील पंचांगावर न विसंबता प्रत्येक बंदराच्या सूर्योदय-सूर्यास्ताचा तक्ता सोबत ठेवावा.

आहाराबाबत मात्र श्रम घ्यावे लागतात. 'जैन भोजन' एवढे दोन शब्द लिहून भागत नाही. पाश्चात्त्य आचाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असेलच असे नाही. त्या घरच्या सूनबाईंनी वस्तूंची यादीच लिहून पाठविली. मांस, मासे, अंडी, मध नको. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले आणि अळंबी नको. त्याखाली दडलेल्या वस्तूही लिहिल्या: सूपमधील हाडांचा अर्क, जेलीतील जिलेटिन, शेवयांमधील अंडे, आणि चीज घट्ट करण्यासाठी वापरले जाणारे वासराच्या जठरातील विरजण. मग काय चालेल हेही कळविले: भात, डाळी, कोबी, फ्लॉवर, मटार, टोमॅटो, भोपळी मिरची, दूध, दही, फळे. नकाराची यादी आचाऱ्याला गोंधळवते, होकाराची यादी त्याला मार्ग दाखविते. एका कंपनीने "प्रयत्न करू" एवढेच मोघम उत्तर दिले. दुसरीने प्रत्येक पदार्थाचे लेखी उत्तर दिले. आरक्षण दुसरीकडेच झाले.

खाकरे, भाजलेले डाळे-मुरमुरे, लसणाविना केलेली शेंगदाण्याची चटणी सोबत न्यावी. पण सीमेवर प्रत्येक खाद्यपदार्थ लेखी जाहीर करावा आणि ताजी फळे नेऊ नयेत. खोलीत शेगडी लावण्यास आगीच्या भयाने सहसा मनाई असते.

परवान्यांचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. अमेरिकेचा आणि कॅनडाचा, असे दोन्ही व्हिसा प्रत्येक माणसाला लागतात, तेही अनेकदा प्रवेश देणारे. परदेशी ध्वजाच्या जहाजाने केवळ अमेरिकेच्याच दोन बंदरांमध्ये उतारू नेऊ नयेत असा तेथील १८८६ चा कायदा आहे, आणि येथील बहुतेक प्रवासी जहाजे परदेशी ध्वजाचीच असतात. सीमा ओलांडणे म्हणूनच टळत नाही. मुलाखतीच्या तारखा लांबच्या मिळतात. आगाऊ रक्कम परत न मिळण्याच्या अटीपूर्वी व्हिसा हाती यावा, असा क्रम ठेवावा. परदेशी सहलीवर कापला जाणारा टीसीएस हा खर्च नव्हे, तो प्राप्तिकराच्या विवरणात वळता होतो. तोवर मात्र तेवढे भांडवल अडकून राहते, याची नोंद व्यापाऱ्याने करावीच. वृद्धांसाठी वैद्यकीय विमा काढताना जुने आजार लपवू नयेत.

वाटेतील मॅकिनॅक बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. तेथे घोडागाड्या चालतात. मुक्या जिवावर भार नको असे ज्यांना वाटते त्यांनी पायी किंवा सायकलने फिरावे. बेटाभोवतीचा रस्ता अवघा तेरा किलोमीटरचा आहे.

आणि शिकागो! जहाज जेथून सुटते त्या मिशिगन सरोवराच्या काठावरील त्याच नगरीत १८९३ च्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद भरली होती. आचार्य आत्मारामजी महाराजांना निमंत्रण होते. साध्वाचारामुळे त्यांना समुद्र ओलांडणे शक्य नव्हते, म्हणून वीरचंद राघवजी गांधी गेले आणि त्यांनी जैन दर्शन पश्चिमेसमोर मांडले. ती परिषद ज्या वास्तूत झाली, तेथे आज शिकागोचे कलासंग्रहालय आहे. जहाजावर चढण्यापूर्वीचा एक दिवस त्या घराने याच वास्तूसाठी राखून ठेवला आहे.

सर्व कागद पुढे ठेवल्यावर आजींनी एकच विचारले, "तिथे सूर्य खरेच नऊपर्यंत असतो?" धाकट्या नातवाने तक्ता वाचून दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचावयास लावला आणि मग आपल्या पारपत्राची मुदत पाहण्यासाठी कपाट उघडले. मुदत फेब्रुवारीतच संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला. यादीत त्याला पहिले स्थान मिळाले.