भौतिकोपचाराचे उच्च शिक्षण आणि आपले कागद



आपल्या समाजातील मुलगा वा मुलगी बारावीला बरे गुण मिळवू लागली की वडीलधारी मंडळी तिच्यापुढे दोनच नावे ठेवतात, डॉक्टर आणि इंजिनिअर. तिसरे नाव सहसा कोणी उच्चारीत नाही. फिजिओथेरपी, अर्थात भौतिकोपचार, ही विद्या आपल्या देशात महाराष्ट्राच्याच भूमीत प्रथम रुजली. १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात तिची शाळा निघाली आणि १९५५ साली हाजी अली येथे पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. असे असता या विद्येकडे आपले लक्ष उशिरा गेले, आणि जे गेले तेही पदवीपर्यंतच. पदवीच्या पुढे काय, आणि त्याची तयारी केव्हापासून, याविषयी येथे लिहावयाचे आहे.

ही विद्या मुख्यतः हाताची आहे. अर्धांगवायूने लुळा पडलेला बाहू, मोडून जुळलेला गुडघा, जन्मतः आखडलेला पाय यांना उपचारक स्वतःच्या हातांनी पुन्हा हालचाल शिकवितो. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, ज्याला १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्याला हात लावला म्हणून मार खावा लागला, त्या समाजाची कन्या आज कोणत्याही जातीच्या रोग्याच्या खांद्यावर अधिकाराने हात ठेवते आणि तो रोगी तिच्या येण्याची वाट पाहत बसतो. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाचा अंमल मला पुष्कळदा न्यायालयापेक्षा त्या खोलीत अधिक स्पष्ट दिसतो. अतिसाराने पडलेल्या, सर्वांनी टाकलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुऊन काढले, ही विनयपिटकातील हकीकत आपण विहारात ऐकतो. तिचे आजचे रूप याच व्यवसायात आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

परंतु महाविद्यालयात शिकवायचे असेल, मज्जासंस्था, हृदय व श्वसन, अस्थी व स्नायू अथवा क्रीडा यांपैकी एखाद्या शाखेत विशेष प्रावीण्य मिळवायचे असेल, तर पदवीवर भागत नाही. आणि येथेच आपली मुले मागे पडतात. ‘आधी पदवी तर होऊ दे, मग पाहू,’ हे वाक्य मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकले आहे की त्याचा आता धाक वाटू लागला आहे. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच सुरू झालेली असते. पहिल्या वर्षीचे शरीररचनाशास्त्र ज्याने परीक्षेपुरते घोकले, त्याला राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी ते नव्याने शिकावे लागते. आणि तेव्हा आंतरवासितेची दगदग चालू असल्याने वेळ हाती नसतो.

अमेरिकेची रीत निराळी आहे. तेथे भौतिकोपचाराची व्यवसायाला आवश्यक पदवी पदव्युत्तरच असते, तिला ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ म्हणतात आणि ती बहुधा तीन वर्षांची असते. तेथील विद्यार्थी आधी कोणत्याही विषयात पदवी घेतो. मात्र त्या काळातच शरीररचना, शरीरक्रिया, प्रयोगासह रसायन व भौतिकी, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय पुरे करतो, उपचारकाच्या हाताखाली उभे राहून काम पाहतो व त्या तासांची नोंद सहीनिशी ठेवतो. बहुतेक संस्थांचे अर्ज ज्या मध्यवर्ती व्यवस्थेतून जातात, तिच्या हिशेबात एखादा विषय दुसऱ्यांदा देऊन उत्तम गुण मिळविले तरी पहिल्या अपयशाचा आकडा सरासरीतून वगळला जात नाही. आपल्याकडील विज्ञान शाखेचा जो पदवीधर त्या वाटेने जाऊ इच्छितो, त्याने हे पहिल्याच वर्षी ध्यानी घ्यावे. आपल्याकडील भौतिकोपचाराच्या पदवीधराने मात्र तीच पायरी पुन्हा चढण्यापूर्वी थांबावे. त्याची पदवी तेथे तपासून घेता येते, उणे राहिलेले विषय भरून काढून परवान्याच्या परीक्षेस बसता येते. तीन वर्षांचा खर्च अंगावर घेण्याआधी हा मार्ग चाचपून पाहणे शहाणपणाचे.

शिफारसपत्राकडे आपण अगदीच दुर्लक्ष करतो. परदेशी संस्था दोन-तीन गुरुजनांची पत्रे मागतात आणि ती विद्यार्थ्याच्या हाती न देता परस्पर पाठवावयाची असतात. आपल्याकडे ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असा प्रघात पडला आहे. अशा पत्राला किंमत किती, ते वाचणारा दोन ओळींत ओळखतो. आपला विद्यार्थी पुष्कळदा शेवटच्या बाकावर बसतो, इंग्रजीचा संकोच बाळगतो, शंका असूनही विचारीत नाही. चार वर्षांच्या अखेरीस त्याला नावाने ओळखणारा एकही अध्यापक नसतो. ही उणीव बुद्धीची नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वर्गाबाहेर बसविले, त्यांच्या नातवंडांच्या अंगात मुरलेली ती सवय आहे आणि ती जाणीवपूर्वकच मोडावी लागते. पहिल्या वर्षापासून एका अध्यापकाच्या एखाद्या लहान प्रकल्पात हात घालावा, रुग्णविभागात एक तास अधिक थांबावे. पत्र तेथे तयार होत असते.

आता माझ्या व्यवसायाच्या अंगाने येणारा, आणि माझ्या मते अधिक गंभीर मुद्दा. अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर पदवीस प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याजवळ जातवैधता प्रमाणपत्र असते. पण जो खुल्या जागेवर अथवा परराज्यातील महाविद्यालयात शिकला, त्याच्याजवळ ते बहुधा नसते. महाराष्ट्रात पदव्युत्तर राखीव जागा मागण्याची वेळ आली म्हणजे त्याची धावपळ उडते. पडताळणीचा राज्याचा कायदा २००१ साली अंमलात आला. त्याप्रमाणे दावा सिद्ध करण्याचा भार सर्वस्वी अर्जदारावर आहे. अनुसूचित जातीच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. ज्यांना शाळेत पाऊल ठेवू दिले नाही, त्यांच्या पणतवंडांकडे तोच दाखला मागावा, याहून विचित्र न्याय कोणता! तथापि कायदा आहे तसा आहे आणि त्याच्याशी वेळीच सामना करणे प्राप्त आहे.

काही स्वाभिमानी तरुण यावर म्हणतात, ‘आम्ही बौद्ध झालो, जुन्या जातीचे नाव कागदावर पुन्हा कशाला?’ या भावनेविषयी मला आदर आहे. पण ती अपुऱ्या माहितीवर उभी आहे. १९५६ साली नागपुरास धम्मदीक्षा घेणाऱ्या आपल्या वाडवडिलांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, झगडावे लागले. धर्मांतराने अस्पृश्यतेचे परिणाम पुसले जात नाहीत, हे त्या वर्षी संसदेने १९५० च्या आदेशात दुरुस्ती करून मान्य केले. तो दाखला जातीचा अभिमान मिरविण्यासाठी नाही. समाजाने केलेल्या अन्यायाची ती शासकीय कबुली आहे, आणि ती कबुली हाती असणाऱ्याने तिचा उपयोग करण्यात कमीपणा कसला? शिवाय ज्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ लिहिले आहे, तो केंद्राच्या शिष्यवृत्तीला पुरत नाही. १९५० च्या आदेशातील मूळ जातीचा उल्लेख त्यावर लागतो.

परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती नवबौद्धांनाही आहे. यांत एक खाचखळगा आहे. केंद्राची शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी व पीएच.डी. यांसाठी आहे, अमेरिकेतील वर सांगितलेल्या पदवीच्या नावात ‘डॉक्टर’ शब्द असला तरी ती पीएच.डी. नव्हे. म्हणून अर्जापूर्वी मंत्रालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबून परदेशी संस्थेत अनामत भरू नये.

विहार समित्यांना माझी विनंती एवढीच आहे की, जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून प्रवेशपरीक्षांच्या व अर्जांच्या शुल्कासाठी ठेवावी आणि वस्तीतील एखाद्या वकिलास वर्षातून दोन रविवार कागद तपासण्यास बसवावे. कुटुंबातील कोणा चुलत्याला, आत्याला वा भावंडाला वैधता मिळाली असेल तर त्या प्रमाणपत्राची नक्कल आणि वंशावळ प्रथम हाती घ्यावी. पित्याकडील रक्तसंबंधातील असा पुरावा समितीपुढे वजनदार ठरतो. ते नसेल तर विदर्भातील मंडळींनी तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची व इतरत्र गाव नमुना चौदाची नक्कल मागावी. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पण त्यांचे कागद अभिलेख कक्षात अद्याप सापडतात. ते पुष्कळदा मोडीत असतात. तेव्हा मोडी जाणणाऱ्याकडून प्रमाणित लिप्यंतर करून घ्यावे लागते, आणि असे जाणकार थोडे उरल्यामुळे त्यांच्याकडे महिनोन्‌महिने थांबावे लागते. मूल अकरावीत असतानाच हे काम हाती घ्यावे.