वाळवंटातील मित्र आणि वाहिनीचा गल्ला

१/ अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९७६ पासून व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यांआधी जिमी 'द ग्रीक' स्नायडर भाकिते सांगत. गृहस्थ लास वेगासमध्ये पैजांचे भाव काढणारे. सट्ट्याच्याच गुन्ह्यात शिक्षा भोगलेले आणि १९७४ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांच्याकडून माफी मिळालेले. तरीही पडद्यावर पैजेच्या आकड्याचा उघड उच्चार त्यांना वर्ज्य होता. कोणता संघ कुठे वरचढ, एवढेच ते फळ्यावर दाखवत. उरलेले जाणकारांनी ओळखायचे.

२/ त्याच कार्यक्रमाचे सूत्रधार ब्रेंट मसबर्गर पुढे महाविद्यालयीन सामन्यांच्या समालोचनात 'वाळवंटातील मित्रां'ची आठवण काढीत. वाळवंट म्हणजे लास वेगास. मित्र कोण, हे सांगणे नलगे. सामना केव्हाच निकाली निघालेला असताना शेवटच्या मिनिटाच्या निरर्थक गुणांवर अल मायकल्स यांचा स्वर मिस्कील होई, तोही याच मंडळींसाठी.

३/ ते ढोंग होते, आजचा व्यवहार निदान उघड आहे, असे आता सांगितले जाते. हा युक्तिवाद फसवा आहे.

४/ 'अमुक संघ सात गुणांनी जिंकेल' असा भाव निघाला की पैज विजयावर राहत नाही, फरकावर लागते. मग खेळाडूला सामना हरावा लागत नाही; सातऐवजी पाच गुणांनी जिंकला तरी सटोडियाचे काम होते आणि खेळाडूचे मनही फारसे खात नाही. १९५० मध्ये बास्केटबॉलच्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे विद्यार्थी १९५१ मध्ये याच सापळ्यात सापडले. १९७८-७९ च्या हंगामात बोस्टन कॉलेजमध्ये तेच घडले.

५/ संघटनांना हे ठाऊक होते. २००३ मध्ये एनएफएलने सुपर बोलच्या प्रक्षेपणात लास वेगासच्या पर्यटनाची जाहिरातसुद्धा येऊ दिली नाही. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सट्टाबंदीचा १९९२ चा संघीय कायदा रद्द केला आणि सोवळे गळून पडले. न्यायालयाने मोकळीक राज्यांना दिली होती. वाहिन्यांनी दुकान थाटावे, असे निकालात कोठेही नव्हते.

६/ २०२१ मध्ये एनएफएलने तीन सट्टा कंपन्यांशी हातमिळवणी केली. २०२३ मध्ये ईएसपीएनने दहा वर्षांच्या दीड अब्ज डॉलरांच्या करारावर आपले नाव पेन कंपनीच्या सट्टा ॲपला दिले. दोन वर्षांत तो करार मोडला, तेव्हा वाहिनीने दुसरी सट्टा कंपनी गाठली. खेळाडूच्या दुखापतीची बातमी आधी देणारी वाहिनी हीच, आणि त्या बातमीने हलणारे भाव दाखवणारीही हीच! स्नायडर यांच्या काळात सीबीएसच्या नावाचा गल्ला नव्हता. भाव तेव्हा कुजबुजलेली का होईना, बातमी होती; आता तो माल आहे.

७/ २०२४ मध्ये एनबीएने जॉन्टे पोर्टर या खेळाडूला आजन्म बाद केले. आपल्या प्रकृतीची माहिती त्याने सटोडियांना पुरवली होती. त्याच वर्षी महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएएने एकेका विद्यार्थ्याच्या कामगिरीवर लागणाऱ्या पैजा बंद करा, अशी मागणी केली. हरलेले पैजबाज विद्यार्थ्यांना शिवीगाळ करतात, ही तिचीच तक्रार.

८/ शेअर बाजाराच्या विश्लेषकाला शिफारस करताना स्वतःचे हितसंबंध जाहीर करावे लागतात. समालोचकाने भाव उच्चारताच त्या कंपनीकडून वाहिनीला काय मिळते, हे त्याच क्षणी पडद्यावर झळकले पाहिजे. विद्यार्थ्यांच्या सामन्यांत तर भाव दिसताच कामा नयेत.