वायू-धुळीवर पोट भरतं का?

आमच्या जुन्नर तालुक्यात हुशार मुलांची वाण नाही. मी बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवते. एखादी मुलगी खगोलशास्त्र म्हणाली, की आई-वडील भेटायला येतात. ‘मॅडम, ताऱ्यांमधल्या वायूचा नि धुळीचा अभ्यास करून पोट भरतं का?’ प्रश्न रास्त आहे. त्याला थातूरमातूर उत्तर देऊन चालणार नाही.

या विषयातलं जागतिक दर्जाचं काम आमच्या शेजारी खोडदला चालतं. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची ४५ मीटर व्यासाची डिश जवळून पाहा. ती पत्र्याची नाही, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. अशा तीस डिशनी २०२० साली आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन टिपला. एकेकीचा संकेत फार क्षीण, म्हणून ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. तेव्हा कळलं, की त्यांच्याजवळचा वायू तारे घडवायला जेमतेम एक-दोन अब्ज वर्षं पुरला असता. विश्वात तारे जन्मण्याचा वेग पुढे का मंदावला, याचा धागा असा हाती आला.

हे काम नुसत्या गणितावर होत नाही. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर पहिल्यांदा पकडली ती १९५१ मध्ये, हार्वर्डमधल्या हॅरल्ड यूअन या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने. अनुदान ५०० डॉलरचं. प्लायवूडचा कर्णा खिडकीबाहेर काढलेला. पाऊस आला की पाणी थेट प्रयोगशाळेत. रिसीव्हर त्याने स्वतः जुळवला होता. सोल्डरिंगमध्ये, कोडिंगमध्ये रमणाऱ्या आमच्या मुलांना हे कुणी सांगतच नाही. इंजिनीअरिंग करूनही इथे पीएच.डी.ला येता येतं.

पीएच.डी.पर्यंत घराला भार नसतो. फेलोशिप दरमहा ३७,००० रुपयांपासून सुरू होते. ती वेळेवर मिळायला हवी, एवढंच. खरी ओढाताण त्यानंतर. दोन-तीन वर्षांच्या कंत्राटी पोस्टडॉक, दर वेळी नवा देश, तिशी उलटली तरी कायम नोकरी नाही. घरी लग्नाचा तगादा सुरू झालेला. मुली इथेच गळतात, आणि याची मला चीड येते. सरकारने दुर्बिणींवर खर्च करावाच. पण त्या चालवणाऱ्या तरुण संशोधकांसाठी आपल्या विद्यापीठांत कायम पदंही भरावीत.

फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. पालकांनी मुलांसोबत जावं, आणि तिथल्या संशोधकांना सरळ विचारावं: पीएच.डी. झाल्यावर पुढची पाच वर्षं तुम्ही कशी काढलीत?