बंद वहीचा कैवार

रोग बरा करून घेण्यासाठी इस्पितळात गेलेल्या माणसास तेथेच नवा रोग जडावा, आणि तो किती जणांस जडला याची गणती मात्र इस्पितळाच्या दप्तराबाहेर पडू नये, हा शिरस्ता अमेरिकेत दीर्घकाळ निर्वेध चालला. १९७० पासून तेथील केंद्रीय रोगनियंत्रण संस्था हे आकडे गोळा करीत असे खरी. परंतु देशातील सुमारे पाच हजार इस्पितळांपैकी पुढे तीनशेच्या आसपासच त्यात सामील झाली, आणि तीही स्वेच्छेने व नाव गुप्त राहील या हमीवर. २००३ मध्ये इलिनॉय राज्याने हा शिरस्ता कायद्याने मोडला. पेनसिल्व्हेनिया, मिसुरी, फ्लॉरिडा, न्यू यॉर्क ही राज्ये त्याच वाटेने गेली, आणि वैद्यकवर्गात मोठा गहजब उडाला.

त्या वर्गाचा पूर्वपक्ष पोरकट नव्हता. असाध्य रोगी जेथे जातात त्या मोठ्या इस्पितळाचा आकडा गावच्या लहान इस्पितळाहून वाईटच दिसणार. जो प्रामाणिकपणे मोजील तोच बदनाम होणार. आणि संसर्ग घटतो तो हात धुतल्याने, जाहीरनाम्याने नव्हे, असे त्याचे म्हणणे. पहिल्या आक्षेपास तर इतिहासाचाही आधार आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या १८६३ च्या इस्पितळविषयक ग्रंथात लंडनच्या २४ इस्पितळांचे मृत्युप्रमाण शेकडा ९० हून अधिक दाखविले होते, कारण वर्षभरातील मृत्यूंना एकाच दिवशी खाटांवर असलेल्या रोग्यांच्या संख्येने भागले होते! पण ही चूक उघडकीस आली कशी? कोष्टक छापले गेले म्हणूनच समकालीन वैद्य त्यावर तुटून पडले. तेच कोष्टक कुलुपात राहिले असते तर चुकीचा भाजकही तेथेच सुखाने नांदला असता. आज मध्यवर्ती शिरेतील नळीवाटे रक्तात शिरणारा संसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे मोजतात, आणि अतिदक्षता विभागाची तुलना त्याच प्रकारच्या विभागाशी करतात. भागाकार चुकतो म्हणून हिशेबच मांडू नये, हा न्याय सावकाराच्या मुनिमालाही कोणी लावू देणार नाही.

दुसऱ्या आक्षेपाचा पेनसिल्व्हेनियात मोठा गाजावाजा होण्याजोगा प्रसंग आला. तेथील इस्पितळांनी २००४ सालासाठी ११,६६८ संसर्ग कळविले आणि २००५ सालासाठी १९,१५४. एका वर्षात रोगजंतूंनी एवढी मजल मारली असे मानण्यापेक्षा, इस्पितळांना मोजण्याची सवय लागली आणि नोंदीची कक्षा रुंदावली, असे मानणेच सयुक्तिक. वाढलेला आकडा कायद्याविरुद्धची साक्ष नव्हे; पहिल्या वर्षी केवढे अनुल्लेखित राहिले याचाच तो कबुलीजबाब आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. मिशिगनमधील १०३ अतिदक्षता विभागांनी हात धुणे, रोग्यास नखशिखांत निर्जंतुक वस्त्राने झाकणे, क्लोरहेक्झिडीनने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि अनावश्यक नळी काढून टाकणे, एवढ्या पाच साध्या गोष्टींचा अवलंब करून नळीवाटे रक्तात शिरणाऱ्या संसर्गाची सरासरी दर हजार नळी-दिवसांमागे ७.७ वरून १.४ वर आणली. २००६ मध्ये पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि तेथे कोणा कायद्याचा बडगा नव्हता. कायदा कोणाचे हात धुऊन देत नाही, हे मान्यच केले पाहिजे. तथापि या यशाचा पत्ता तरी आपणास कशाने लागला? त्या विभागांनी संसर्ग मोजून कळविले म्हणून! मिशिगनमध्ये जे स्वेच्छेने पुढे आले त्यांना कायद्याची गरज नसेल. जे पुढे येत नाहीत त्यांच्या खाटेवरील रोग्याला ती आहे, आणि आपण कोणत्या प्रकारच्या इस्पितळात निजलो आहोत हे त्या बिचाऱ्याला बाहेरून ओळखता येत नाही.

न्यू यॉर्कने योजिलेली रीत मला यांत सर्वांत समंजस वाटते. २००५ चा कायदा झाल्यावर २००७ हे वर्ष तालमीचे ठेवले, त्या वर्षीचे आकडे इस्पितळांच्या नावांविना छापले आणि नावे पुढील वर्षापासून दिली. शिवाय राज्याचे तपासनीस इस्पितळात जाऊन मूळ कागदपत्रांशी नोंदी ताडून पाहतात. बदनामीच्या भयाला याहून न्याय्य उत्तर नाही.

न्यू जर्सीतही २००७ पासून असाच कायदा आहे, आणि तेथे मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. तेथील वाचकाने शस्त्रक्रियेची तारीख मुक्रर करण्यापूर्वी आपल्या इस्पितळाचा आकडा अवश्य मागून पाहावा.